बाई माझ्याकडेच बघतात!

समोरचा आपल्याकडे बघतो आहे हे कसे कळते? डोळ्याच्या पांढऱ्या भागात बुबुळ कुठे सरकले आहे त्यावरून. पण तेवढ्याने भागत नाही. १८२४ साली वुलस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने चित्रातले डोळे तेच ठेवून नाकासह चेहऱ्याचा खालचा भाग बदलला, आणि नजरच फिरल्यासारखी दिसू लागली! फळ्यावर करून पाहा. चेहऱ्याचा रोखही मेंदू हिशेबात धरतो. अंधारामुळे डोळे नीट दिसेनात, तर तो बहुधा ‘माझ्याकडेच बघताहेत’ असा कौल देतो.

पाठीमागून रोखलेली नजर जाणवते, असे मुले हमखास सांगतील. टिचनर या मानसशास्त्रज्ञाच्या विद्यार्थ्यांचीही तीच समजूत होती; १८९८ मध्ये त्याने लिहिले, की प्रयोगांत ती टिकली नाही. आपण वळतो, त्या हालचालीनेच मागच्याचे डोळे आपल्याकडे वळतात.