पवना कॅम्पिंग: ‘सगळं मिळतं’, मग बॅगेत काय भरायचं?

थंडी पडली की लोणावळ्याजवळ पवना धरणाच्या काठी तंबू लागतात. बुकिंगच्या वेळी फोनवर सांगतात, “सगळं मिळतं, काही आणू नका.” तंबू, गादी, पांघरूण, रात्रीचं जेवण, सकाळचे पोहे, हे खरंच मिळतं. पण ते सगळ्यांना लागणारं. जे फक्त तुम्हालाच लागतं, ते तुम्हीच न्यायचं.

पहिलं म्हणजे रोजची औषधं. मध्यरात्री धरणाकाठी मेडिकल कुठून आणणार?

दुसरं, पॉवर बँक आणि छोटी टॉर्च. तंबूत बहुतेक वेळा प्लग नसतो. त्यात रेंज कमी असली की फोन टॉवर शोधत बसतो आणि बॅटरी खातो. झोपताना सरळ एअरप्लेन मोड लावा. रेंज नसली तर यूपीआयही अडतं, म्हणून थोडे सुटे पैसे ठेवा.

तिसरं, स्वेटर, कानटोपी, मोजे. पहाटे तंबू आतून ओला दिसला तर घाबरू नका, तो गळत नाहीये. आपल्या श्वासातली वाफ गार कापडावर जमते. बॅग कडेला टेकवू नका, हवा खेळायला जाळी थोडी उघडी ठेवा.

आणि पोहायचे कपडे? ते घरीच राहू द्या! पाणी वरून शांत दिसतं, पण खाली गाळ असतो आणि खोली एकदम वाढते. इथे पर्यटक बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतोच. काठावर बसा, समोरचा तिकोना बघा, आणि सगळे मिळून घरी या.