रहस्यकथेची उकल – भाग ७ : भरतीची वेळ ठाऊक असलेली आजी

मागच्या भागात शेरलॉक होम्स भिंग घेऊन जमिनीवर ओणवा झालेला आपण पाहिला. या वेळची गुप्तहेर गुडघे दुखतात म्हणून ओणवी होत नाही. ती ओट्यावर बसते आणि येणाऱ्याजाणाऱ्यांकडे पाहते.

अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल १९२७ साली एका लघुकथेतून प्रथम वाचकांना भेटली. १९३० मध्ये ‘द मर्डर ॲट द व्हिकरेज’ ही तिची पहिली कादंबरी आली आणि ती धरून अशा एकूण १२ कादंबऱ्या झाल्या. विणकाम करत बसणारी ही अविवाहित म्हातारी ख्रिस्तीला सुचली, ती आपल्या आजीच्या मैत्रिणींवरून. नवा संशयित समोर आला की मार्पलला तिच्या खेड्यातलं कुणीतरी आठवतं: असाच गोड बोलून पैसे लांबवणारा, असाच घरच्यांपासून काहीतरी लपवणारा. माणसांचे नमुने थोडेच असतात आणि तिने ते आयुष्यभर पाहिलेले असतात. म्हातारपण ही तिची अडचण नाहीच. तीच तिची विद्या.

अशा कथेत रक्तपात पडद्याआड राहतो, गाव लहान असतं, सगळे सगळ्यांना ओळखतात. माझ्या मते मात्र खरा आधार गावाच्या दिनक्रमाचा. तो पक्का असेल तरच त्यातली चूक दिसते, आणि ती दिसण्यासाठी तो क्रम अंगात मुरलेला माणूस लागतो.

म्हणून मला सातपाटी आठवते. पापलेटसाठी नावाजलेलं हे बंदर समुद्राच्या घड्याळावर चालतं. खाडी गाळाने भरत आल्यामुळे बोटींना आत शिरायला भरतीची वाट पाहावी लागते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते, हा आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब. पौर्णिमेला पंधराचे सव्वाअकरा. म्हणजे संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला ओहोटी, आणि तीही उधाणाची, पाणी दूरवर ओसरलेलं. आता कल्पना करा, एक तांडेल पोलिसांना सांगतो, “पौर्णिमेला साडेपाचला मी बोट घेऊन बंदरात आलो.” जबाब लिहिला जातो. बोंबील वाळत घालणारी आजी तो ऐकते आणि हातातलं काम थांबवते. त्या वेळी खाडीत बोट चढेल एवढं पाणीच नव्हतं!

हा धागा परक्या खेड्यातून आणता येणार नाही, तो इथलाच. संशयाचं कारणही इथेच सापडतं. २०२३ साली पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. पण पिल्लंच जाळ्यात आली तर उद्याचा मासा कुठून येणार, ही या किनाऱ्याची काळजी आहे. अंधारात कुणी बारीक आसाची जाळी वापरतं, कुणी ते पाहतं, आणि पाहणारा दुसऱ्या दिवशी दिसत नाही. कादंबरीला एवढं पुरे.

बाबूराव अर्नाळकरांच्या टोपणनावातला अर्नाळा याच किनाऱ्यावर, थोडा दक्षिणेला. हजाराहून अधिक रहस्यकथा त्यांनी लिहिल्या, झुंजार आणि काळापहाड हे नायक घराघरांत पोचवले. आपल्या रहस्यकथेला वेग, वेशांतर आणि धाडस त्यांनी भरभरून दिलं, आणि पुढचे लेखकही बहुतेक त्याच तरण्याबांड वाटेने गेले. ओट्यावरची आजी मागेच राहिली, याची मला मनापासून खंत वाटते. ब्रिटनमध्ये २०२० साली रिचर्ड ऑस्मनने वृद्धनिवासातल्या चौघांना तपासाला बसवलं आणि ते पुस्तक प्रचंड खपलं. आपल्याकडे तर लिलावात बोली लावणाऱ्या, टोपली घेऊन गाडीने बाजार गाठणाऱ्या, उधारी तोंडपाठ ठेवणाऱ्या बायका आहेत. कोण अचानक रोखीने देऊ लागला, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार?

एक पथ्य मात्र लेखकाने पाळावं. आजीने आरोपीला पकडू नये. तिने फौजदाराला भरतीची वेळ सांगावी आणि पुढचं काम त्याच्यावर सोडावं. तो फौजदार बावळट का रंगवू नये, ते पुढच्या आठवड्यात.