खाऱ्या पाण्याची लहान मत्स्यपेटी आणि तिचा संप

प्रवाळांच्या खडकांत वावरणाऱ्या माशाला एकाएकी होणारे बदल सोसवत नाहीत. त्याच्या भोवतालच्या पाण्याचा खारटपणा व उष्णता दिवसामागून दिवस जवळजवळ एकसारखी असते. असा मासा घरातील साठ लिटरांच्या काचपेटीत आणून सोडला, की त्याचा समुद्र चार बादल्यांएवढा होतो. लिटरभर पाणी वाफ होऊन उडाले, अथवा एखादी गोगलगाय दगडाआड मरून कुजली, तर मोठ्या हौदात जे जाणवलेही नसते ते येथे प्राणावर बेतते. म्हणून अशा पेटीखाली दुसरी एक टाकी ठेवून दोहोंतील पाणी अखंड फिरते राखण्याची पद्धत पडली आहे.

कल्पना नवी नव्हे. लंडनच्या दक्षिणेस क्रिस्टल पॅलेस येथे १८७१ साली जे मत्स्यालय उघडले, त्याची रचना करताना विल्यम आल्फर्ड लॉइड याने दर्शनी टाक्यांपेक्षा कितीतरी अधिक समुद्रजल जमिनीखालच्या अंधाऱ्या हौदात साठविले होते, आणि वाफेच्या बळावर चालणाऱ्या पंपांनी ते वर चढविले जात असे. घरगुती टाकी हे त्याच हौदाचे लहानसे रूप होय. तिला इंग्रजीवरून ‘संप’ म्हणतात. मराठीत हा शब्द काम बंद ठेवण्याचा वाचक आहे. ही टाकी मात्र अहोरात्र कामावर असते.

रचना समजण्यास एक प्रत्यक्ष उदाहरण घेणे बरे. वरची पेटी ६० सेंटीमीटर लांब, ३० रुंद व ३५ उंच आहे असे समजावे. तिच्या मागील भिंतीत वरच्या बाजूस दात पाडलेला एक बांध असतो. त्यावरून ओसंडलेले पाणी २५ मिलिमीटरच्या नळीने खाली उतरते. या नळीसाठी काचेला भोक पाडावे लागते, आणि पाणी दिलेली, म्हणजे टफन केलेली, काच भोक पाडू जाता तडकून चुरा होते. तेव्हा काच साधी असल्याची खात्री आधी करून घ्यावी. खालची टाकी ४५ लांब, २५ रुंद व ३० उंच. आडव्या काचा बसवून तिचे कप्पे केलेले असतात. पहिल्या ३० सेंटीमीटरांच्या भागात पाण्याची पातळी १८ सेंटीमीटरांवर कायम राहते. येथे फेस काढणारे यंत्र व पाणी तापविणारी कांडी ठेवावी. फेसाच्या यंत्राला पातळी हललेली खपत नाही. कायम पातळीचा कप्पा त्यासाठीच. उरलेल्या १५ सेंटीमीटरांत पंप असून तेथील पाणी सुमारे १२ सेंटीमीटर खोल राखावे.

या शेवटच्या कप्प्याची एक खुबी आहे. वरच्या पेटीची पातळी बांधामुळे ठरलेली, मधल्या भागाची काचेमुळे. त्यामुळे वाफेने होणारी सारी घट पंपाच्या कप्प्यातच दिसते. लिटरभर पाणी उडाले तर वरच्या पेटीत पातळी अर्धा सेंटीमीटर उतरली असती आणि कोणाच्या ध्यानातही आली नसती. येथे ती पावणेतीन सेंटीमीटर उतरते. काचेवर एक खूण करून रोज सकाळी तेथपर्यंत भर घालावी. मात्र वाफ होते ती पाण्याची; मीठ मागेच राहते. भर गोड्या, गाळून शुद्ध केलेल्या पाण्याचीच हवी. खाऱ्याची भर घातल्यास खारटपणा चढत जातो.

आता खरी कसोटी. पंप चालू असता सारे ठीक दिसते. प्रश्न वीज गेल्यावरचा आहे. पंप थांबला की वर चढविणारी नळीच उलटी वाहू लागते आणि तिचे तोंड उघडे पडेपर्यंत पेटीतील पाणी खाली ओढते. हे तोंड पृष्ठाखाली २ सेंटीमीटर असेल तर ३.६ लिटर पाणी उतरेल. ते ९ सेंटीमीटर खोल असेल तर १६.२ लिटर. खालच्या टाकीची एकंदर मापे ३३.७५ लिटरांची, तीत चालू स्थितीत १८ लिटर पाणी. रिकामी जागा राहिली १५.७५ लिटरांची. पहिल्या रचनेत घरची मंडळी निश्चिंत झोपतील, दुसऱ्या रचनेत खारे पाणी फरशीवर येईल. एवढा फरक केवळ नळीचे तोंड कोठे ठेवले यावर अवलंबून आहे. टाकी मोठी म्हणून काठोकाठ भरणारे लोक नेमकी हीच रिकामी जागा गमावतात. नळीवर एकदिशा झडप बसविण्याची शिफारस दुकानात होते. परंतु तीत शंखाचा तुकडा वा शेवाळ अडकले की ती मिटत नाही. पृष्ठाच्या किंचित खाली नळीला बारीक छिद्र पाडणे अधिक भरवशाचे, कारण तेथून हवा शिरताच ओढ तुटते. तेही मिठाने बुजते, म्हणून आठवड्यास साफ करावे.

उलट संकटही संभवते. उतरणीची नळी गोगलगायीने तुंबली आणि पंप चालूच राहिला, तर वरची पेटी भरत जाईल. तथापि पंपाच्या कप्प्यात साडेचार लिटरच पाणी आहे आणि वरची पेटी काठाखाली साडेतीन सेंटीमीटर, म्हणजे ६.३ लिटर, मोकळी राखलेली आहे. पंप कोरडा पडून तापेल, पण पाणी सांडणार नाही. पंपाचा कप्पा ऐसपैस ठेवण्याचा मोह याचसाठी आवरावा. जवळच थोड्या उंचीवर दुसरी, रिकामी उतरणनळी असल्यास उत्तमच.

विजेच्या तारेला सॉकेटच्या खाली एक झोळ द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारा थेंब खाली गळून पडेल. आणि गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारे साधनही मंडलात असावे.

सर्व जोडणी झाल्यावर प्रथम साधे पाणी भरून एक दिवस चालू ठेवावे व या अवधीत किमान तीनदा पंपाची वीज तोडून खालची पातळी कोठवर चढते ते पाहावे, आणि तेथे काचेवर दुसरी खूण करावी. वीज परत आल्यावर पंप हात न लावता सुरू होतो की नाही, तेही पाहावे. पावसाळ्यात रात्री वीज जाते तेव्हा जवळ कोणी जागे नसते. मग पाणी बदलून मत्स्यपेटीसाठी मिळणारे समुद्री मीठ विरघळवावे. स्वयंपाकघरातले मीठ चालत नाही, कारण समुद्रात त्याखेरीज इतर क्षारही असतात. दर लिटरास सुमारे ३५ ग्रॅम क्षार हे समुद्राचे प्रमाण होय. सच्छिद्र दगडांवर अमोनिया पचविणारे जंतू वाढण्यास बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्याचे तपासणीत दिसेपर्यंत मासा दुकानातच राहू द्यावा.