विणीच्या हंगामातला शिकारी

एप्रिल संपत आला की अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात रानटर्कीच्या शिकारीचा वसंत हंगाम सुरू होतो. शिकारी तासभर रात्र उरलेली असतानाच रानात शिरतो आणि एखाद्या जाड बुंध्याला पाठ लावून बसतो. अंगावर झाडोऱ्याच्या रंगाचे कपडे, तोंडावरही तसलंच कापड. लाल, पांढरा किंवा निळा रंग अंगावर कुठेही दिसता कामा नये, कारण माजावर आलेल्या नर टर्कीचं डोकं नेमकं याच तीन रंगांचं असतं आणि दुसरा शिकारी त्यालाच पक्षी समजून गोळी झाडू शकतो. उजाडू लागलं की उंच झाडावर रात्र काढलेला नर गळ्यातून घोगरी, लांबवर जाणारी हाक देतो. शिकारी लाकडी डबीवर फळी घासून, पाटीच्या तुकड्यावर काडी फिरवून किंवा टाळूला लावलेल्या पडद्यातून मादीचा आवाज काढतो. एरवी नराच्या हाकेकडे मादी चालत जाते. इथे नरानं मादीकडे यावं, म्हणजे निसर्गाचा क्रम उलटावा, अशी शिकाऱ्याची खटपट असते. टर्कीची नजर फार तीक्ष्ण. पापणी हलली तरी पक्षी पसार होतो. म्हणून तासन्‌तास बसूनही बहुतेक जण रिकाम्या हातानं परततात.

न्यू जर्सीत, एडिसन आणि त्याच्या आसपास, मराठी माणसांची मोठी वस्ती आहे. मुंबईतल्या नायगाव-दादरच्या घरांतली मुलं-मुली तिथे स्थिरावली आहेत. त्यांच्या घरामागच्या झाडीतून हा पक्षी, ज्याचा नर सात ते अकरा किलो वजनाचा, मोरापेक्षाही जड असतो, आरामात फिरताना दिसतो. तो तिथे पूर्वापार सुखानं नांदत आला असेल, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात जंगलतोड आणि बेसुमार शिकारीमुळे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत न्यू जर्सीतली रानटर्की संपली होती. १९७७ मध्ये राज्याच्या वन्यजीव विभागानं २२ पक्षी आणून सोडले. आज दिसतात ते त्यांचे आणि नंतर आणलेल्या पक्ष्यांचे वंशज. चारच वर्षांनी, १९८१ मध्ये, तिथे मर्यादित वसंत शिकार पुन्हा सुरूही झाली.

पक्षी वाढवायचा आणि लगेच मारायलाही परवानगी द्यायची, हे आपल्याला विचित्र वाटतं. पण त्यामागे जीवशास्त्राचा साधा हिशेब आहे. टर्कीचा एक नर अनेक माद्यांशी जुगतो. अंडी उबवणं आणि पिल्लं सांभाळणं ही सगळी कामं मादी एकटी करते, नराचा घरट्याशी संबंधच येत नाही. त्यामुळे बहुतेक माद्या फळल्यानंतर काही नर मारले गेले, तरी पुढची पिढी अडत नाही. म्हणून वसंतात फक्त छातीवर केसांसारख्या पिसांची ‘दाढी’ असलेला पक्षी मारायची मुभा असते. प्रत्येक परवान्यावर पक्ष्यांची संख्या ठरलेली असते आणि मारलेल्या पक्ष्याची नोंद करावी लागते.

पैशाची सोयही कायद्यानंच लावलेली आहे. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानं लांब नळीच्या बंदुका आणि काडतुसं यांच्या विक्रीवर ११ टक्के कर बसतो आणि तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. सुरुवातीला त्यातून पिंजऱ्यात वाढवलेल्या टर्की रानात सोडल्या गेल्या, पण त्या जगल्या नाहीत. दारूच्या स्फोटानं उडणारी मोठी जाळी १९५० च्या दशकात हाती आली, तेव्हा खरी रानटी टर्की जिवंत पकडून दुसऱ्या राज्यात सोडता येऊ लागली आणि चित्र पालटलं. विसावं शतक संपताना देशभर पन्नास लाखांहून अधिक रानटर्की होत्या.

हा हिशेबही कायमचा ठरलेला नाही. गेल्या काही वर्षांत दक्षिणेकडच्या राज्यांत टर्की घटू लागली. हंगाम फार लवकर उघडतो, माद्या फळण्याआधीच तगडे नर मारले जातात, अशी शंका संशोधकांनी मांडली. मग जॉर्जिया, अलाबामा, टेनेसी या राज्यांनी शिकारीची तारीखच पुढे ढकलली. वर्षानुवर्षांच्या नोंदी हाताशी असल्यामुळेच अशी दुरुस्ती करता येते.

या शिकारीचा बराच भाग खासगी जमिनीवर चालतो. दहा-वीस एकरांचा तुकडा असलेला माणूस ओकची झाडं राखतो, मधली पट्टी कापून मोकळी ठेवतो आणि कडेचं गवत माद्यांच्या घरट्यांसाठी वाढू देतो. पण टर्कीचा वावर शेकडो एकरांचा. रात्री ती एकाच्या झाडावर, सकाळी दुसऱ्याच्या शेतात आणि दुपारी तिसऱ्याच्या ओढ्यावर असते. सातबारा आपला असला तरी पक्षी आपला होत नाही. अमेरिकी कायद्यातही वन्य पक्षी जमीनमालकाचा नसतो, राज्यानं जनतेच्या वतीनं सांभाळलेला असतो.

आता महाराष्ट्राकडे येऊ. हाकेनं पक्षी जवळ आणण्याची विद्या इथे कुणी बाहेरून आणलेली नाही. दख्खन आणि वऱ्हाडातले फासेपारधी ती पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. पिंजऱ्यातला पाळीव तित्तर माळावर ठेवायचा, भोवती बारीक फाशांची रांग रोवायची आणि दूर दबून बसायचं. पाळीव नरानं बांग दिली की त्या हद्दीचा रानातला नर चवताळून भांडायला येतो आणि त्याचा पाय फाशात अडकतो. टर्कीला मादीची ओढ खेचून आणते, तित्तराला प्रतिस्पर्ध्याचा राग. दोन्हीकडे शिकारी पक्ष्याच्या विणीच्या दिवसांतल्या वागण्यावरच डाव रचतो. बंदूक नाही, स्फोट नाही. आवाज ओळखणारा कान आणि घोड्याच्या केसांचा किंवा नायलॉनच्या दोऱ्याचा फास एवढंच भांडवल.

या समाजाचा नीट अभ्यासही झाला आहे. कैलाश मल्होत्रा आणि माधव गाडगीळ यांनी नंदीवाले, वैदू आणि फासेपारधी या तीन भटक्या समाजांच्या शिकारीच्या पद्धती तपासल्या. एकाच मुलखात फिरूनही तिघं एकमेकांच्या वाटेत येत नाहीत, असं त्यांना दिसलं. नंदीवाले कुत्री घेऊन साळिंदर, घोरपड, रानडुक्कर यांच्या मागे जात. वैदू सापळ्यांनी मुंगूस, रानमांजर पकडत आणि पाण्यातली कासवं काढत. फासेपारधी हरणं, तित्तर, लाव यांच्यासाठी फासे लावत. फाशात गाभण हरिणी किंवा पाडस अडकलं तर फासेपारधी ते सोडून देत, अशी परंपराही त्यांनी नोंदवली आहे. अमेरिकेत जो नियम परवान्यावर छापावा लागतो, त्याच जातीचा हा नियम इथे कुळाच्या शिस्तीत होता.

याच माळांवर एक पक्षी पावसाळ्यात अशी काही करामत करतो की पाहणारा खिळून राहावा. तो म्हणजे तणमोर. माळढोकाच्या कुळातला, पण कोंबडीएवढाच. एरवी गवतात दडून राहणारा, दिसणं दुरापास्त. पाऊस पडून गवत वाढलं की नर काळा पोशाख धारण करतो, डोक्याच्या दोन्ही बाजूंनी लांब, टोकाला रुंद होणारी पिसं फुटतात आणि तो गवतावरून सरळ वर उडी घेतो, दीड-दोन मीटर. पंखांचा खडखड आवाज करतो आणि पुन्हा गवतात पडतो. दिवसाला पाचशेपर्यंत उड्या मोजल्या गेल्या आहेत. दूरच्या मादीला आपण इथे आहोत हे कळावं, यासाठी एवढा आटापिटा.

बंदूकवाल्यांनाही त्याचा ठिकाणा यामुळेच कळला. इंग्रजी अमदानीत साहेब लोक पावसाळ्यात तणमोर मारत, कारण इतर महिन्यांत तो सापडतच नसे. त्या काळातल्या काही पक्षीतज्ज्ञांनीही विणीतल्या या शिकारीबद्दल नापसंती नोंदवली होती. टर्कीप्रमाणे तणमोराचा नरही अनेक माद्यांशी जुगतो. मग नर मारले तर काय बिघडलं, असं कुणी विचारेल. बिघडतं ते असं: कुरण लहान असेल आणि तिथे मोजकेच नर नाचत असतील, तर दोन-तीन मारले की मादीला तिथे यायला कारणच उरत नाही. आणि मारणाऱ्यानं किती मारले याची नोंद ठेवलीच नाही, तर चूक उमगेपर्यंत कुरण सुनं झालेलं असतं.

शिकारी आणि अभ्यासक यांचं नातं मुंबईनं फार जवळून पाहिलं आहे. नायगावहून आंबेडकर रस्त्यानं परळ, लालबाग ओलांडून गेलं की राणीच्या बागेशी आज भाऊ दाजी लाड यांच्या नावानं ओळखलं जाणारं संग्रहालय लागतं. तिथे सप्टेंबर १८८३ मध्ये आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्या आठांत दोन मराठी डॉक्टर होते: प्रार्थना समाजाचे आत्माराम पांडुरंग आणि वनस्पतींचे अभ्यासक सखाराम अर्जुन. संस्थेच्या सुरुवातीच्या सभासदांत शिकारी पुष्कळ होते आणि त्यांच्या टिपणांनीच तिची पत्रिका भरत असे. गिरगावच्या खेतवाडीत वाढलेले सलीम अली याच संस्थेत पोचले ते लहानपणी एअरगननं मारलेली, गळ्यावर पिवळा डाग असलेली चिमणी ओळखून घ्यायला. आयुष्यभर पक्ष्यांसाठी झटणाऱ्या माणसाची सुरुवात छऱ्यानं झाली, यात आश्चर्य नाही. मारण्यासाठी आधी पाहावं लागतं आणि त्यांचं पाहणं पुढे मारण्याच्या पलीकडे गेलं.

फासेपारध्यांच्या पाहण्याला मात्र कुणी विद्या म्हटलं नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या मार्गानं पारध्यांवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का बसला. १९५२ मध्ये तो कायदा गेला, पण पोलीस ठाण्याच्या नजरेतून शिक्का गेला नाही. पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीनं परवान्यावरची हौशी शिकारही बंद झाली. स्वतःच्या शेतातला तित्तर मारणंही गुन्हा ठरला. वन्यजीवांसाठी ही बंदी आवश्यकच होती. पण हौशी शिकाऱ्यानं बंदूक भिंतीवर टांगली आणि तो आपल्या व्यवसायाला लागला. पारध्याचा तर व्यवसायच फास होता. त्याला पर्याय कोण देणार, याचं उत्तर कायद्यात नव्हतं.

शिकार थांबली तरी तणमोर सावरला नाही, कारण त्याचं गवत जात राहिलं. सरकारदरबारी माळाला पडीक म्हणतात. पडीक म्हणजे कुणाच्या कामाचं नसलेलं, म्हणून नांगरायला, झाडं लावायला, प्रकल्पाला द्यायला मोकळं. २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय यादीत तणमोराची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ अशी झाली. माळढोकाचा धडा तर डोळ्यांसमोरच आहे. १९७९ मध्ये सोलापूर-नगर भागात ८,४९६ चौरस किलोमीटरचं माळढोक अभयारण्य घोषित झालं. गावंच्या गावं, खासगी शेतं, सगळं त्यात आलं. शेतकऱ्याला स्वतःच्या जमिनीचे व्यवहार जड झाले आणि पक्षी त्याच्या रागाचा विषय झाला. अखेर अभयारण्य सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावं लागलं. तोवर माळढोक महाराष्ट्रातून जवळजवळ संपला होता. कागदावर अफाट क्षेत्र आखून आणि तिथल्या माणसाला बाजूला ठेवून पक्षी वाचत नाही, हे याहून स्पष्ट कसं दिसावं?

म्हणूनच अकोला-वाशीम भागात जे चाललं आहे त्याला मोल आहे. कौस्तुभ पांढरीपांडे यांची ‘संवेदना’ ही संस्था तिथे फासेपारधी वस्त्यांसोबत काम करते, आणि तणमोर हा त्या कामाच्या केंद्रस्थानी आहे. क्षेत्र अफाट नाही. वस्तीजवळची गवताळ रानं आहेत. पावसाळ्यात तिथली चराई आवरायची, गवत पिकून बी पडल्यावरच कापायचं, तणमोर कुठे उडतो यावर लक्ष ठेवायचं, असं कामाचं रूप आहे. नर कोणत्या उंचवट्यावरून उडी घेईल, मादी कोणत्या गवतात बसेल, हे पारध्याला शिकवावं लागत नाही. ज्या कानानं तित्तराच्या हाकेवरून फास कुठे रोवायचा ते ठरत होतं, त्याच कानानं आता नरांची मोजदाद होऊ शकते.

काम सोपं नाही. अनेक पारधी कुटुंबं गायरानाच्या तुकड्यावर ज्वारी-सोयाबीन करून पोट भरतात आणि त्या जमिनीचा पट्टा मागतात. म्हणजे गवत राखणारा आणि गवत नांगरणारा एकाच घरात राहतो. २००६ च्या वनहक्क कायद्यात सामूहिक हक्काची तरतूद आहे. पण माळ वनखात्याचा की महसूल खात्याचा, यावरच अनेक प्रकरणं अडतात. न्यू जर्सीतला जमीनमालक कडेचं गवत वाढू देतो, कारण त्याचं पोट त्या गवतावर अवलंबून नसतं. वऱ्हाडातल्या पारध्याला तेच करायचं असेल तर आषाढ ते भाद्रपद या राखणीच्या महिन्यांची मजुरी त्याच्या हातात पडायला हवी, आणि तीही पहिला पाऊस पडण्याआधी ठरलेली, कारण पेरायचं की राखायचं हा निर्णय त्याला तेव्हाच घ्यावा लागतो. वनखात्याकडे वृक्षलागवडीसाठी दरवर्षी निधी येतो. झाड न लावता गवत तसंच ठेवण्यासाठी त्यातला वाटा मागावा, ही या वस्त्यांच्या बाजूनं करण्याजोगी सर्वांत रोखठोक मागणी आहे.