आधी शाळा, मग घर!

अमेरिकेला ऑनसाइट निघालायत, तेही मुलाबाळांसकट? मग स्विमिंग पूल, जिम नंतर बघा. आधी विचारा, ‘हा पत्ता कुठल्या शाळेच्या हद्दीत येतो?’

पब्लिक स्कूल: म्हणजे तिथली सरकारी शाळा. बारावीपर्यंत फी नाही. नाक मुरडू नका, तिथली बहुतेक मुलं इथेच शिकतात. मेख एकच. शाळा सहसा पत्त्यावरून ठरते, म्हणून चांगल्या शाळेच्या आसपास घरभाडं चढं. फीचे वाचलेले पैसे भाड्यात जातात!

चार्टर स्कूल: पैसा सरकारचा, कारभार स्वतंत्र. याचा पहिला कायदा मिनेसोटात १९९१ मध्ये झाला. फी इथेही नाही. पण जागांपेक्षा अर्ज जास्त आले की चक्क सोडत, म्हाडाच्या घरांसारखी! शिवाय स्कूलबस मिळेलच असं नाही.

प्रायव्हेट स्कूल: पत्त्याची भानगड नाही, पण फी डॉलरमध्ये.

प्रोजेक्ट वर्षा-दोन वर्षांचंच असेल, तर सोडतीच्या भरवशावर राहू नका. लीज झाली की सहसा वर्षभर अडकलात, आणि मुलाचंही ते अख्खं वर्ष असतं. म्हणून सही करण्याआधी घराचा पत्ता स्कूल डिस्ट्रिक्टला कळवून शाळेचं नाव पक्कं करून घ्या.