स्क्रू सगळ्यात शेवटी

मलकापुरात बुलढाणा रस्त्याला माझं छोटं गॅरेज आहे. सव्वीस वर्षं दुचाकीच दुरुस्त करतोय. आठवड्यातून दोन-तीन गिऱ्हाइकं एकच तक्रार घेऊन येतात : “भाऊ, गाडी स्लोवर चांगली चालते, पण रेस देली की दबते. मग झटका खाऊन पकडते.” ऐकायला किरकोळ वाटतं. पण महामार्ग 53 ओलांडताना मागे लेकरू बसलंय, बाजूनं कंटेनर येतोय आणि नेमकी त्याच क्षणी गाडी दबली तर? म्हणून हे दुखणं मी कधीच हलकं घेत नाही.

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं आणि नव्या गाड्यांतून कार्बोरेटर जवळजवळ गेलाच. पण मोताळा, नांदुरा, मलकापूर तालुक्यांत जुनी स्प्लेंडर आजही रोज शेतात जाते. तिचा जीव कार्बोरेटरच्या पितळी जेटांत, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकांच्या नळ्यांतच आहे.

कार्बोरेटरचं काम समजून घ्यायला घरी एक प्रयोग करा. पाण्याच्या ग्लासात एक स्ट्रॉ उभी धरा आणि दुसऱ्या स्ट्रॉनं तिच्या तोंडावरून आडवी फुंकर मारा. पाणी वर चढून फवारा उडतो. इंजिन हवा ओढतं तेव्हा पेट्रोल असंच वर येतं. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे 14.7 ग्रॅम हवा लागते.

गाडी स्लोवर असते तेव्हा हवेची वाट जवळपास बंद असते. मोठ्या जेटवरून पुरेसा वारा जात नाही, म्हणून पेट्रोल येतं ते केसाएवढ्या भोकाच्या स्लो जेटमधून. तुम्ही झटकन ॲक्सिलेटर पिळला की हवा लगेच आत धावते. पेट्रोल जड, ते मागे राहतं. त्या अर्ध्या सेकंदात इंजिन उपाशी राहतं, आणि तेच तुम्हाला ‘दबणं’ म्हणून जाणवतं. स्लो जेट नीट पाजत असेल तर ही फट भरून निघते. जुन्या मारुती 800 सारख्या गाड्यांत त्यासाठी वेगळा पंप असतो. ॲक्सिलेटर दाबताच तो पेट्रोलची पिचकारी मारतो. त्याचा पडदा वाळला की मोटारही अशीच दबते.

गाडी आली की मी आधी इंजिन गरम करतो आणि चोक थोडासा ओढून रेस देतो. दबणं गेलं, तर पेट्रोल कमी पडतंय. उलट गाडी जास्तच घुसमटली, प्लग काजळीनं काळा निघाला, तर पेट्रोल जास्त होतंय. जिनिंगच्या दिवसांत एअर फिल्टर कापसाच्या तंतूंनी भरतो, तेव्हा हा दुसरा प्रकार होतो. तिथं फिल्टर बदलला की काम झालं.

पेट्रोल कमी पडत असेल तर कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधला जोड बघायचा. तिथली ओ-रिंग उन्हानं कडक होते आणि फटीतून हवा शिरते. स्लोवर असताना जोडावर पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज बदलला तर चोर सापडला.

मग स्लो जेट. काढून उजेडाकडे धरला की भोक गोल आणि स्वच्छ दिसलं पाहिजे. त्यात तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की ॲव्हरेज कायमचं गेलं. क्लीनर आणि हवेचा प्रेशर एवढं पुरतं. पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असतं. ते पाणी शोषतं, म्हणून महिनोन्महिने उभ्या गाडीच्या फ्लोटच्या वाटीत, म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल साठतं तिथं, घाण साचते. शिवाय एक ग्रॅम इथेनॉल जळायला हवा फक्त 9 ग्रॅमच लागते. म्हणजे जुन्या जेटमधून तेवढंच इंधन गेलं तरी ते आता कमी पडतं.

एवढं झाल्यावरच हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा स्क्रू. तो फिल्टरच्या बाजूला असेल तर हवेचा : आत फिरवला की पेट्रोलचं प्रमाण वाढतं. इंजिनच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा : बाहेर फिरवला की वाढतं. आधी हलक्या हातानं आत टेकेपर्यंत फेरे मोजा आणि लिहून ठेवा. जोर लावलात तर टोक खराब होतं. पुन्हा तेवढेच फेरे बाहेर काढा, स्लो जरा वाढवा आणि पाव-पाव फेरा फिरवत दर वेळी थोडं थांबा. एका जागी इंजिन सगळ्यात जलद आणि एकसारखं बोलतं. तिथून पेट्रोलच्या बाजूला किंचित सरका, मग स्लो खाली आणा. शंभर सीसीच्या गाडीला मिनिटाला 1400 च्या आसपास फेरे ठीक. दबणं स्लोवरून नाही तर पाव ॲक्सिलेटरच्या पुढे येत असेल, तर दोष मोठ्या जेटचं पेट्रोल कमी-जास्त करणाऱ्या सुईकडे, म्हणजे नीडलकडे शोधायचा.

आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो, आणि पौषातल्या पहाटे बोटं आखडतात. थंड हवा उन्हाळ्यापेक्षा दहाएक टक्क्यांनी दाट असते. म्हणून मे महिन्यात लावलेली गाडी थंडीत दबू शकते. तो मेकॅनिकचा दोष नसतो, सेटिंग पुन्हा बघायचं असतं. माझ्याकडे लावलेली गाडी मी राजूर घाटात नेऊन बघतो, कारण चढावर चूक लपत नाही.

नुसता स्लो वाढवून दिला की दबणं झाकलं जातं, बरं होत नाही, आणि पेट्रोल वाया जातं. गाडी दुरुस्तीला द्याल तेव्हा एवढंच विचारा : “ओ-रिंग बघितली का? जेट साफ केला का? स्क्रूचे फेरे किती होते आणि किती केले?” ते फेरे गाडीच्या कागदांसोबत लिहून ठेवा. पुढच्या वेळी गाडी कुणाच्याही हातात गेली, तरी त्याला कुठून सुरुवात करायची ते कळेल.