शौच तपासणी : डबी लॅबला देण्यापूर्वी



पावसाळा लागला की आपल्या बुऱ्हाणपुरात घरोघरी जुलाब-उलट्यांची तक्रार सुरू होते. गेल्या पावसाळ्यात मंडळातल्या एका घरी आजींना तीन दिवस रक्ताचे जुलाब होत होते. घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या आधी दिल्या गेल्या आणि मग शौच तपासायला पाठवले. रिपोर्ट आला, ‘रोगजंतू आढळले नाहीत’. आजार तर होताच. पण गोळ्यांनी जंतू दबले होते, त्यामुळे नेमके औषध कोणते, हे कळायची संधी गेली. आजी आता बऱ्या आहेत, पण दवाखान्यात आठ दिवस काढावे लागले. म्हणून या तपासणीविषयी चार गोष्टी सांगत आहोत.

तपासण्या दोन, काम वेगळे

साध्या तपासणीत सूक्ष्मदर्शकाखाली रक्तपेशी, पू, जंत आणि अमिबा पाहतात. रिपोर्ट त्याच दिवशी मिळतो. पण कोणता जीवाणू आहे, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी ‘कल्चर’ करतात, म्हणजे जंतू वाढवून ओळखतात. त्याला दोन-तीन दिवस लागतात.

प्रत्येक जुलाबाला कल्चर लागत नाही. बहुतेक जुलाब आपोआप थांबतात. शौचात रक्त किंवा आव, जोराचा ताप, आठवडाभर न थांबणारे जुलाब, भाताच्या पेजेसारखे पाण्याचे जुलाब, किंवा एकाच पंगतीनंतर अनेकांना त्रास, अशा वेळी डॉक्टर ही तपासणी सांगतात.

नमुना कसा द्यावा

- लॅबमधून मिळालेली रुंद तोंडाची, कोरडी डबीच वापरावी. घरची धुतलेली बाटली नको. साबण किंवा फिनाईलचा अंशही जंतू मारतो.
- शौच आधी स्वच्छ, कोरड्या भांड्यात किंवा प्लास्टिकवर घ्यावे. लघवी, नळाचे पाणी मिसळू देऊ नये.
- रक्त किंवा आव असलेला भाग घ्यावा. एक-दोन चमचे पुरेत.
- अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वी नमुना द्यावा. घेतले असल्यास लॅबला सांगावे. मात्र रुग्ण गंभीर असेल तर नमुन्यासाठी उपचार थांबवू नयेत.
- दोन तासांच्या आत डबी पोहोचवावी. नेपानगर किंवा खकनारकडून येणाऱ्यांनी ‘कॅरी-ब्लेअर’ माध्यमाची नळी आधीच मागून घ्यावी. त्यात जंतू दिवसभर तग धरतात.

लॅबमध्ये काय होते

नमुना वेगवेगळ्या माध्यमांच्या बशांवर पसरून सुमारे ३७ अंश सेल्सियसला ठेवतात. मॅकॉन्की माध्यमावर आतड्यातले नेहमीचे ई. कोलाय गुलाबी दिसतात, तर हगवणीचे शिगेला आणि साल्मोनेला फिके. पटकीचे जंतू टीसीबीएस माध्यमावर पिवळे वाढतात. याच पटकीचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कलकत्त्यात वेगळा करून दाखवला होता.

जंतू सापडला की तो बशीवर पसरून त्यावर औषधांच्या चकत्या ठेवून कोणते औषध लागू पडते ते पाहतात. रिपोर्टमध्ये ‘एस’ म्हणजे लागू, ‘आर’ म्हणजे निकामी आणि ‘आय’ म्हणजे मधले. मात्र औषध डॉक्टरच ठरवतील.

‘नॉर्मल फ्लोरा’ लिहिले असेल तर घाबरू नये; ते आतड्यातले नेहमीचे जंतू आहेत. मात्र ‘आढळले नाही’ म्हणजे संसर्ग नाहीच असेही नाही. विषाणूंमुळे होणारे जुलाब या तपासणीत दिसत नाहीत. टायफॉइडचा संशय असेल तर पहिल्या आठवड्यात रक्ताचे कल्चर अधिक उपयोगी पडते.

रिपोर्टची वाट पाहताना

मीठ-साखरेचे पाणी थांबवू नका. ओआरएसची मोठी पुडी पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात घालावी; अर्धी पुडी अंदाजाने नको. लहान मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्याने १४ दिवस झिंक द्यावे. अंगावरचे दूध चालू ठेवावे. मूल सुस्त झाले, डोळे खोल गेले, लघवी बंद झाली, तर रिपोर्टची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

खानखानांच्या काळातला, १६१५ चा कुंडी भंडारा आपल्या गावाला जमिनीखालून पाणी पुरवत आला. २०२२ मध्ये आपला जिल्हा देशातला पहिला ‘हर घर जल’ प्रमाणित जिल्हा ठरला. पाणी घरापर्यंत आले; नळापासून पेल्यापर्यंत ते स्वच्छ ठेवणे आपल्याच हातात आहे. आपल्या गल्लीत एकाच वेळी अनेकांना जुलाब होत असतील, तर लपवू नका. आशाताईंना किंवा जिल्हा रुग्णालयाला लगेच कळवा.